घोडी कुणाच्या ठाणावर जाईल?

प्रिय पोरा,

काल फोनवर तू तीनदा म्हणालास, "काका, चांगली माणसं मिळाली की घोडी देऊन टाकतो." पनवेलची नोकरी सोडू नये, हे मलाही पटतं. ई-रिक्षा आल्यापासून माथेरानात एका घोडीवर घर चालवणं अवघड झालंय, आणि आता वडीलही नाहीत. घोडी ठेवावी की नाही, यावर मी वाद घालणार नाही. पण "देऊन टाकतो"मधलं ते "टाकतो" रात्रभर टोचत राहिलं.

आधी तिचं वय खरं धर. तुझे वडील पाच वर्षं तिला "चौदाची" म्हणत होते! मी तोंड उघडून पाहिलंय. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर एक उभी खाच असते. साधारण १०व्या वर्षी ती हिरडीपाशी दिसायला लागते, १५व्याला निम्म्यावर येते, २०व्याला टोकाला. हिची टोकाला आलीच आहे, म्हणजे १८-१९ धर. नीट सांभाळलेलं घोडं २५-३० वर्षं जगतं. अजून सात-आठ पावसाळे तरी तिला कोणीतरी खायला घालायचंय.

सारंगखेड्याच्या बाजारात नेऊ का, असं विचारलंस. दत्तजयंतीला तिथं भाव लागतो तो पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेल्या पंचकल्याणीला, अंगावरचे केसांचे भोवरे बघून. थकल्या कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडीपाशी थांबेल तो स्वस्तात घेऊन दोन हंगाम राबवणारा. जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीत नवा असताना मीच एका मालकाला सांगितलं होतं, "विका, पैसे तरी येतील." दीड वर्षानं तो घोडा मला एका समुद्रकिनाऱ्यावर दिसला. खोगिराखाली पाठ सोललेली. कपाळावरच्या चांदावरून ओळखला. घेणारा पहिला माणूस भला होता रे, पण पुढे तो घोडा तिसऱ्याच्या हातात गेला होता आणि हा तिसरा कोण, ते मूळ मालकाला माहीतही नव्हतं. त्या मालकाला मी हे कधी सांगितलं नाही.

म्हणून फुकट देण्याचीही मला भीती वाटते. फुकट मिळालेली घोडी विकली की सगळाच नफा. शंभराच्या कागदावर "विकणार नाही" असं लिहून घेशील, पण तो कागद त्या एकाच माणसाला बांधतो.

कर्जतच्या फार्महाऊसवाल्यांचं विचारलंस. माणसं वाईट नसतात, पण शनिवार-रविवारी फोटोपुरतं घोडं हवं असतं आणि सोमवारी ते माळ्याच्या गळ्यात पडतं. घोडं कळपातलं जनावर. एकटं बांधलं की झुरतं, खुंटा नाहीतर लाकूड चावत बसतं. तिथं दुसरं घोडं आहे का, हे आधी विचार. मग विचार की खूर कोण करतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा. नाव चटकन सांगता आलं नाही, तर चहा पिऊन परत ये.

मला पटणारी वाट थोडी खर्चाची आहे. मालकी तुझीच ठेव, घोडी सांभाळायला दे, आणि चाऱ्याचे आणि चंदीचे, म्हणजे दाण्याच्या खुराकाचे, पैसे महिन्याला पाठव. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा लागतो, त्यावरून हिशोब मांड. चंदी वेगळी. दात झिजलेत, म्हणून भिजवून द्यायची. दोन महिन्यांतून एकदा न कळवता जा. कळवून गेलास तर खरारा करून, अंग घासूनपुसून ठेवलेली घोडीच दिसेल. कुठंही हलवायच्या आधी सरकारी दवाखान्यातून ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घे; तो रोग माणसालाही होतो.

आता जे तू विचारलं नाहीस ते. तिचा पुढचा डावा पाय मला आवडलेला नाही. कडक जमिनीवर दुडकी चालवली की तो पाय टेकताना डोकं वर उडतं. औषधानं थांबलं तर ठीक. नाही थांबलं, जागा मिळाली नाही, तर तिला सुईनं शांतपणे झोपवणं हा पर्यायही मी मोजतो, आणि उपाशी सोडून देण्यापेक्षा तो कितीतरी बरा. सोडून देणं तर प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६०च्या कायद्यानं गुन्हाच आहे. सुईची वेळ आलीच तर खड्डा आधी खणून ठेवायचा, नगरपरिषदेला विचारून. उघड्यावर ठेवायचं नाही, कारण ते औषध मांसात राहतं आणि खाणारी गिधाडं-कुत्री मरतात. शेजारच्या ठाणावरच्या घोड्याला तिला हुंगू द्यायचं, नाहीतर तो दिवसभर हाका मारत राहतो. आणि तू तिथं उभा राहायचंस. लगाम मी धरीन.

घाई करू नकोस. मुंबईच्या व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, बंद करायचा निकाल २०१५ साली लागला, तेव्हा कोर्टानंही वर्षाची मुदत दिली होती. तुझ्यामागे तर कोर्टही नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तिचा पाय वाकवून मिनिटभर धरायचा आणि लगेच चालवून बघायची आहे, तेव्हा तोवर कामावर काढू नकोस. बहिणीला बोलाव, वडिलांच्या आजारपणात खरारा तीच करत होती, तिला न विचारता काही ठरवायचं नाही. जुना नालबंद आला तर फार बरं. त्या पायाची गोष्ट माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असणार.

तुझा,
डॉक्टर काका