टॉर्चचा मिणमिणता दिवा

प्रश्न : पावसात वीज गेली की आजीच्या खोलीत रात्रभर मंद उजेड लागतो. तीन बारीक पेन्सिल सेलची, नऊ एलईडींची साधी टॉर्च आहे. काचेवर आकाशकंदिलाचा नारिंगी जिलेटिन कागद लावला. उजेड डोळ्यांना बरा वाटतो, पण सेल एका रात्रीत बसतात. – एक वाचक, फोंडा

उत्तर : कागद उजेड अडवतो, करंट नाही. त्याच्याआड नऊच्या नऊ एलईडी पूर्वीसारखेच जळतात आणि मिळून १०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढतात. रात्रदिव्याला १ मिलिअँपिअर पुरे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तेवढ्यात खाटेपासून दारापर्यंतची वाट दिसते.

५ मिलिमीटरचा एक वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढरा) एलईडी आणि करंटला आवर घालणारा १.८ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर घ्या. रेझिस्टरवरचे पट्टे तपकिरी, करडा, लाल असे असतात, चौथा सोनेरी. हिशेब सोपा आहे : तीन सेलचे ४.५ व्होल्ट, इतक्या कमी करंटला एलईडीवर साधारण २.७, उरलेले १.८ रेझिस्टरवर. आणखी मंद हवा असेल तर ३.३ किलोओहम लावा.

टॉर्चचं डोकं उघडून काच, रिफ्लेक्टर आणि एलईडींची चकती बाहेर काढा. चकतीच्या मागची मधली स्प्रिंग बहुतेक टॉर्चमध्ये धन असते आणि कडेचा पट्टा धातूच्या नळीला टेकून ऋण होतो. जुने नऊही एलईडी सोल्डर तापवून काढा. नव्या एलईडीचा लांब पाय रेझिस्टरमार्गे मधल्या जागेला, आखूड पाय कडेच्या पट्ट्याला जोडा. उघड्या तारेवर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवा, नाहीतर डोकं आवळताना ती नळीला टेकते. एलईडी उलटा बसला तर पेटत नाही, पण जळतही नाही. पाय बदलून पाहा.

नऊ एलईडी तसेच ठेवून नुसता रेझिस्टर घालण्याचा मोह होतो. मग १ मिलिअँपिअर नऊ जणांत वाटला जातो, तोही सारखा नाही : दोन-तीन जरा उजळ, बाकीचे मेल्यासारखे. शिवाय रंग निळसर पांढराच राहतो.

एलईडीच्या गोल टोकामुळे छतावर उजेडाचा गोल ठिपका पडतो. ते टोक पॉलिश पेपरने घासून धुरकट करा आणि काचेच्या आतून बटर पेपर लावा. रिफ्लेक्टर परत बसवू नका. आपल्याकडच्या जुन्या घरांत खिडक्यांना शिंपल्याची तावदानं असतात, तसा पसरट, दुधी उजेड मिळायला हवा.

बटण दाबत गेलं की फुल, हाफ आणि लुकलुक करणाऱ्या टॉर्चमध्ये छोटी चिप असते. तिला रेझिस्टरमागून पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत तर ती वेडीवाकडी वागते. अशी टॉर्च या कामाला घेऊच नका.

चांगले अल्कलाइन सेल सुमारे १००० मिलिअँपिअर-तासांचे असतात. रोज दहा तास धरले तर शंभरेक रात्री, म्हणजे जूनमध्ये घातलेले चवथ गाठतात. दुसऱ्या टॉर्चमधून बसले म्हणून काढलेले सेलही इथे बरेच दिवस चालतात. फक्त नवे-जुने एकत्र घालू नका, जुना सेल उलटा चार्ज होऊन पाझरतो.

प्रश्न : सेलच्या स्प्रिंगवर पांढरी पूड जमते. – एक वाचिका, काणकोण

उत्तर : अल्कलाइन सेल पाझरला आहे. ती पूड क्षारधर्मी असते, म्हणून कापसाच्या बोळ्यावर घरचा माडाचा व्हिनेगर घेऊन पुसा, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. पूड हाताला, डोळ्यांना लागू देऊ नका. स्वस्तातले साधे सेल पाझरले तर तो पाझर आम्लधर्मी असतो; तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. नंतर आट्यांना बोटभर व्हॅसलीन चोळा. खाऱ्या हवेत आटे धरून बसत नाहीत.

प्रश्न : प्लगमध्ये लावायची चार्जिंगची टॉर्च अशी बदलून, वायर बाहेर काढून, प्लगमध्येच ठेवली तर? – एक वाचक, डिचोली

उत्तर : नको. स्वस्त चार्जिंग टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरमधून २३० व्होल्ट थेट आत येतात. प्लगमध्ये असताना आतली प्रत्येक तार, तुम्ही बाहेर काढलेलीसुद्धा, झटका देऊ शकते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, म्हणून ती उघडूही नका.