क्रिप्टोमध्ये एंट्री घेतली की लगेच भाव पडतो, थांबलं की निघून जातो. योग्य वेळ ओळखायची कशी, आणि 10 एक्स लिव्हरेज घ्यावं का?

भाऊ, हे तुमच्या एकट्याचं नाहीये. मी इंदूरला एका सीएंच्या ऑफिसात काम करतो, रिटर्नचा सीझन आला की क्रिप्टोवाल्या पोरांच्या एक्सेल शीट माझ्याच टेबलावर येतात, त्या बघून जे दिसतं ते सांगतो. चार्टचा एक्सपर्ट वगैरे मी नाही.

राजेंद्र नगरच्या एका पोराची शीट अजून लक्षात आहे. नोकरी करतो, त्यामुळे सगळी खरेदी रात्री आठ-नऊनंतरची. अमेरिकेचा शेअर बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला उघडतो, मोठी हालचाल बरेचदा त्याच्या आसपासच होते, म्हणजे हा जेवून मोबाइल हातात घेतो तोवर भाव चढून झालेला असतो, हिरवा आकडा बघून हा मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्यायची ऑर्डर, टाकतो आणि ज्याने खाली घेतलंय तो याच्या गळ्यात माल घालून मोकळा. वर रुपयातल्या ऑर्डर बुकात, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या यादीत, माल पातळ, घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात फरक, त्यात फी आणि फीवर जीएसटी. म्हणजे भाव जराही न हलता पोझिशन, म्हणजे घेतलेला सौदा, तोट्यात. तुम्हाला वाटतं घेतलं आणि पडलं, ते थोडं यामुळेपण असतं.

बातमीवर घ्यावं म्हणाल तर 2024 चा जानेवारी आठवा. अमेरिकेत बिटकॉइनच्या स्पॉट ईटीएफला, म्हणजे खरे बिटकॉइन धरून शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडाला, 10 तारखेला मंजुरी मिळाली, याहून चांगली बातमी कुठली? दुसऱ्या दिवशी भाव 49,000 डॉलरच्या जवळ जाऊन आला आणि दोन आठवड्यांच्या आत 39,000 च्या खाली. घाबरून विकणारे विकून बसले, आणि मार्चमध्ये तोच 73,000 च्या वर. बातमी खरी होती, अंदाजही बरोबर होता, तरी स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाखाली गेलं की आपोआप विकायची ऑर्डर, लावून 48,000 ला घेणारा लॉसमध्येच बाहेर पडला.

आमच्या छावणी मंडीत सोयाबीनचा भाव सांगणारे निदान आवक बघतात, पाऊस बघतात, आणि संध्याकाळी मंडी बंदही होते. इथे ना हंगाम ना सुट्टी, वर भाव फार हलला की व्यवहार थांबवणारं सर्किटही नाही.

आता जे कोणी व्हिडिओत सांगत नाही ते. छोटा स्टॉपलॉस ठेवून पुन्हा पुन्हा एंट्री घ्यायची, एक लागली की बाकीच्यांचं भरून निघतं, ही पद्धत शेअरमध्ये चालून जाते. आपल्याकडे क्रिप्टोत नाही. एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरळ 30 टक्के टॅक्स आणि वर सेस, आणि एका ट्रेडचा लॉस दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात 10,000 कमावले, दुसऱ्यात 10,000 घालवले, हातात शून्य आणि सेस धरून टॅक्स 3,120 रुपये. पोरं माझ्याशी भांडतात हो, की कमावलंच नाही तर भरायचं कशाचं! शिवाय विकताना 1 टक्का टीडीएस, लाखाच्या विक्रीवर हजार. तो रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो पण तोवर तुमचं भांडवल अडकून, आणि रोज उलाढाल करणाऱ्याचं तर बघता बघता बरंच.

म्हणून माझं मत असं की वेळ ओळखायच्या नादी लागू नका, ट्रेडच कमी करा. जेवढे घालवले तरी घर चालेल तेवढेच पैसे काढा, त्याचे चार-पाच भाग करा, आताच्या भावाखाली वेगवेगळ्या ठिकाणी लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला तरच घ्यायची ऑर्डर, लावा किंवा सरळ महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घ्या. कधी विकणार हे घेण्याआधी लिहून ठेवा, चढल्यावर डोकं चालत नाही. काही ऑर्डर लागणारच नाहीत आणि भाव निघून जाईल, तर जाऊ द्या.

तुम्ही 10 एक्स लिव्हरेजचंही विचारलंय, म्हणजे उधारीवर आपल्या पैशाच्या दहापट सौदा. त्यात भाव साधारण 10 टक्के उलटा गेला की खेळ संपला, नंतर तो परत आला तरी तुमचा काय फायदा. ऑक्टोबर 2025 मध्ये ट्रम्पने चीनवर 100 टक्के टॅरिफ जाहीर केला तेव्हा आपल्याकडे 11 तारखेचे रात्रीचे अडीच वाजले होते, सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खाऊन लोक घरी जाऊन झोपलेले, आणि 24 तासांत 1,900 कोटी डॉलरच्या वर पोझिशन उडाल्या. त्यामुळे लिव्हरेजला माझ्याकडून नाहीच.

आणि ट्रेड हिस्ट्री दर महिन्याला डाउनलोड करून ठेवत जा, प्लॅटफॉर्म बंद पडला तर जुलैत रिटर्न भरताना मागायला कोणाकडे जाणार.