बलकातली चरबी आणि समुद्रपक्ष्याचा आहार

प्रश्न: समुद्रपक्ष्यांच्या सोडून दिलेल्या अंड्यांतली स्थिर समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे, किरणोत्सर्ग न करणारे अणू; त्यांच्या प्रमाणावरून आहाराचा माग लागतो) आम्ही मोजली. पिवळ्या बलकाचे कार्बन-१३ (कार्बनचे जड समस्थानिक) मूल्य पांढऱ्यापेक्षा बरेच खाली आले. मादीने दोन वेगळ्या ठिकाणी अन्न खाल्ले, असे म्हणावे का?

उत्तर: इतक्यात नको. पिवळ्या बलकाच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त चरबी असते आणि चरबीत कार्बन-१३ मुळातच कमी असतो. वाळवलेला बलक बारीक कुटून क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या २:१ मिश्रणाने धुवा, वरचा द्राव काढून टाका, आणि तो रंगहीन येईपर्यंत पुन्हा धुवा. हे काम फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. नंतर कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ४ च्या बरेच वर राहिले, तर चरबी उरली आहे असे समजा.

धुताना थोडी प्रथिनेही निघून जातात आणि नायट्रोजन-१५ चे (नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे) मूल्य सरकते. म्हणून नायट्रोजन न धुतलेल्या भागावर वेगळा मोजा. खर्च दुप्पट होतो, पण इथे काटकसर केली तर सगळा निष्कर्षच डळमळतो.

यानंतरही फरक उरला, तर काळ पाहा: पांढरा बलक अंडे घालण्याआधीच्या मोजक्या दिवसांचा असतो, पिवळा त्याहून लांब काळाचा. शरीरातल्या साठ्यावर अंडी घालणाऱ्या जातींत तर जुने अन्नही त्यात मिसळते.

गर्भ वाढू लागलेली अंडी वगळा. नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नका, गोठवा.