मशीन ‘नॉर्मल’ म्हणतं, पण तरुण रुग्णाला धडधड होते: ईसीजीत काय बघावं?

परळच्या ओपीडीत इंटर्न आहात आणि विचारताय की विशीतल्या रुग्णाच्या ईसीजीवर ‘नॉर्मल’ छापून आलं तर त्याला घरी पाठवावं का. लगेच नको. छापील ओळीवर बोट ठेवा आणि पट्टी स्वतः वाचा.

आधी लीड, म्हणजे हातापायांवर आणि छातीवर लावलेल्या तारा आणि त्यांतून निघणारे बारा आलेख, तपासा. लीड १ मध्ये पी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लाट), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांचा टोकदार भाग), टी (त्यानंतरची लाट) सगळंच उलटं दिसलं तर बहुधा हातांच्या क्लिपांची अदलाबदल झालेली असते. घाईत छातीवरचे व्ही१-व्ही२ बरगड्यांमधल्या चौथ्या फटीऐवजी वर लागतात आणि नसलेला ब्रुगाडा (अचानक मृत्यूचा धोका असलेला आनुवंशिक हृदयविकार) ‘दिसतो’.

मी सर्वात जास्त वेळ पीआरवर, म्हणजे पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतच्या अंतरावर, घालवतो. तो तीन छोट्या चौकोनांहून, म्हणजे १२० मिलिसेकंदांहून कमी आहे का? क्यूआरएस सरळ उभा चढण्याआधी पायथ्याशी तिरका, जाडसर सरकतो का? तीच डेल्टा वेव्ह. काही लीडमध्ये ती जेमतेम दिसते, म्हणून बाराही लीड बघा. ती सापडली की डब्ल्यूपीडब्ल्यू (वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट, हृदयात विजेची जन्मजात जादा वाट) समजून कार्डिऑलॉजीकडे पाठवा. अशा रुग्णाची नाडी कधी वेगवान, अनियमित आणि क्यूआरएस रुंद झाला तर व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अॅडेनोसिन देऊ नका. ही औषधं नेहमीची वाट अडवतात आणि एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके) त्या जादा, अॅक्सेसरी वाटेने थेट व्हेंट्रिकलवर (खालच्या कप्प्यांवर) उतरतं. बीपी पडलं असेल तर शॉक.

क्यूटी, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर, हाताने मोजा, लीड २ किंवा व्ही५ मध्ये. टीच्या उतारावर स्पर्शरेषा ओढा, ती बेसलाइनला भेटते तिथे शेवट. टीनंतरची छोटी यू वेव्ह धरू नका. क्यूटी ४०० मिलिसेकंद आणि आरआर (दोन ठोक्यांमधलं अंतर) ०.८१ सेकंद असेल तर ४०० भागिले ०.८१चं वर्गमूळ ०.९, म्हणजे क्यूटीसी (रेटनुसार सुधारलेला क्यूटी) सुमारे ४४४. रेट शंभरावर असेल तर हे सूत्र आकडा फुगवतं. रुग्णाला दहा मिनिटं पडू द्या आणि पुन्हा काढा. ४८०च्या वर गेला तर पोटॅशियम बघा, क्यूटी लांबवणारं अॅझिथ्रोमायसिन, ऑन्डॅन्सेट्रॉन चालू आहे का विचारा.

श्वासाबरोबर रेट कमीजास्त होणं या वयात स्वाभाविक आहे, त्याला औषध नको. व्ही५-व्ही६ मधला उलटा टी मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय सोडू नका. धावताना चक्कर येऊन पडला असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर पट्टी स्वच्छ असली तरी इको कराच.

एसव्हीटीत (हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी वेगवान धडधड) दोन झटक्यांमधली पट्टी बहुतेकदा नॉर्मलच असते. म्हणून रुग्णाला सांगा: लोकलमध्ये धडधड सुरू झाली तर पुढच्या स्टेशनवर उतरा, जवळच्या कॅज्युअल्टीत जा, आणि तब्येत ठीक असेल तर धडधड थांबवणाऱ्या इंजेक्शनआधी बारा लीडचा ईसीजी मागा. त्याचा लगेच फोटो काढा. थर्मल कागद काही महिन्यांत फिका पडतो.