डीव्हीडी रायटर घरी बदलता येईल?

प्रश्न : माझ्या जुन्या डेस्कटॉपचा डीव्हीडी रायटर डिस्क ओळखत नाही. आईने गायलेल्या गाण्यांच्या सीडी आहेत. नवा घरीच बसवू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर बसवा, आईचा आवाज असा अडकून राहायला नको. मी दुरुस्तीला घेतलेल्या मशीनची आधी केबल बघतो. रुंद, चपटी, ४० पिनांची पट्टी म्हणजे आयडीई, ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत. अरुंद, ७ पिनांची म्हणजे साटा, नवी पद्धत. नवे ड्राइव्ह साटाचेच येतात, म्हणून मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर) साटा पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, मोकळा आहे ना, ते खरेदीआधी पाहा. पॉवर सप्लायला साटाची वायर नसेल, तर त्याच्या ४ पिनांच्या जुन्या वायरवरून साटाला जोडणारा कन्व्हर्टर घ्या. प्लग काढूनच कॅबिनेट उघडा. स्क्रू जुनेच लावा, लांब स्क्रूने आतले भाग दुखावतात. जुन्यात सीडी अडकली असेल, तर पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप हळूच दाबा, ट्रे बाहेर येईल.