चार पानांतले एक वाक्य

तुमच्या चार पानी पत्रात यजमानांच्या संतापाचे प्रसंग ओळीने मांडले आहेत. आयुष्यभर आवाज न चढवलेला सत्तावन्न वर्षांचा माणूस वर्षभरात ताटे भिरकावू लागला, दोनदा अंगावर धावून आला, आणि ‘खरा स्वभाव आता बाहेर पडला’ असे ठरवून तुम्ही विभक्त होण्याबद्दल विचारता आहात. त्यातच जाता जाता तुम्ही लिहिले आहे की सख्खी बहीण गेली त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही, उलट त्यांनी गोड खायला मागितले. तुम्हाला हा निर्दयपणा वाटला. मला मात्र ते वाचून धस्स झाले.

अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांच्या केंद्रातून उसळणारा संताप आवरण्याचे काम कपाळामागचा मेंदूचा भाग करतो, आणि त्या आवरण्यात सेरोटोनिन या रसायनाचाही वाटा असतो. १८४८ साली फिनियस गेज या अमेरिकी रेल्वे मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार याच भागाला इजा करत आरपार गेली. तो जगला, पण सालस माणूस शिवराळ आणि लहरी झाला. अपघाताशिवायही हा भाग झिजतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हा अशा झिजेचा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि आरंभी स्मरणशक्ती बरीचशी शाबूत असल्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही. संयम सुटतो, दुसऱ्याचे दुःख जाणवेनासे होते, गोडाची हाव सुटते, आणि आपण बदललो आहोत हे रुग्णाला स्वतःला बहुधा कळतही नाही. त्यांनी माफी मागावी म्हणून तुम्ही धरलेला अबोला कदाचित त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसेल. तो आजच सोडा.

पत्रावरून निदान होत नाही. पण वकील नंतर. याच आठवड्यात त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. मेंदूतील गाठ, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस पालटतो, आणि त्यांवर उपचार आहेत. डिमेन्शियाच निघाला तर तो बरा करणारे औषध आज नाही, मात्र सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांचा भडका कमी होतो. तोवर ते अंगावर आले तर वाद न घालता खोलीबाहेर पडा. आजारी माणसाचाही मार सोसायचा नसतो.

‘मला काही झालेले नाही’ असे ते म्हणतील, आणि तपासणीपुरते कदाचित अगदी सभ्यही वागतील. म्हणून काय, केव्हापासून बदलले ते लिहून डॉक्टरांच्या हाती आधीच द्या, आणि त्यांच्याशी पाच मिनिटे एकटीने बोला.