ऊद घालायचा, धूप दाखवायचा की धुरी द्यायची?

बेळगावातल्या अनगोळच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलीनं बेंगळूरहून पालो सांतो नावाच्या लाकडाच्या काड्या आणल्यात, त्या पेटवून धूर घरभर फिरवायचा, तर ह्याला मराठीत काय म्हणायचं? आणि शेजारच्या काकू म्हणतात ऊद हा शब्द कन्नड 'ऊदु' म्हणजे फुंकणे ह्यावरनं आलाय, ते खरं काय?

ताई, बिनधास्त 'ऊद घालणे' म्हणा, कारण ऊद ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थच लाकूड. ऊद नावाचं तंतुवाद्य आहे ना, ते नाव पण ह्याच शब्दाचं. अगरूच्या झाडाला आतनं बुरशी लागली की तिथं राळ साठते आणि लाकूड काळपट पडतं, ते निखाऱ्यावर ठेवलं की जो वास सुटतो तो खरा ऊद. आपल्याकडं मात्र ऊद म्हटलं की लोभानाचे खडेच डोळ्यासमोर येतात, म्हणजे लाकूड नव्हे, झाडाचा वाळलेला चीक, आणि गंमत बघा, लोभान शब्दही अरबीच.

आता काकूंचं. कन्नडमध्ये ऊदु म्हणजे फुंकणे हे बरोबर आहे, बासरी वाजवायला पण तेच क्रियापद. पण उदबत्तीला त्या स्वतः काय म्हणतात विचारा, 'ऊदिनकड्डी' म्हणतील. ऊदिन म्हणजे 'उदाची', हे नामाचं रूप झालं, फुंकण्यावरनं असतं तर 'ऊदुव कड्डी' झालं असतं की! शिवाय हिंदीतसुद्धा ऊदबत्ती आहे, तिथं कन्नड क्रियापद कुठनं पोचणार? मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांनी बाहेरनंच घेतलेला शब्द आहे हा, सीमाभागात राहून मला तर ह्याचा आनंदच वाटतो.

बाकी फरक आपल्या बोलण्यात आहेच. धूप देवाला दाखवतात, ऊद घरात घालतात, पण बाळंतिणीला आणि बाळाला शेगडीवर ओवा, वावडिंग टाकून देतात ती धुरी. तिथं वासापेक्षा शेक आणि शुद्धी महत्त्वाची, म्हणून मुलगी जर 'घर शुद्ध करायला' म्हणून हे करत असेल तर 'घराला धुरी दिली' हेच नेमकं, वासासाठी असेल तर ऊद.

पालो सांतो म्हणजे स्पॅनिशमध्ये पवित्र लाकूड, झाड दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्या गुग्गुळाच्या आणि सह्याद्रीतल्या काळ्या धुपाच्या कुळातलंच, त्यामुळं परकं समजू नका.

आणि राहिलेली काडी विझवून ठेवायला जे भांडं घ्याल त्याला धुपाटणं म्हणा, तेलही गेलं तूपही गेलं मधलं तेच. आमच्या आज्जीनंतर घरात हा शब्द कुणी उच्चारला नाही, सगळे 'ऊदाचं भांडं' म्हणतात, तुमच्या मुलीच्या तोंडी तो बसला तर मला फार बरं वाटेल.